बेलभंडाऱ्याची गाडी

नळदुर्गच्या स्टँडवर अजून लोक मला विचारतात, "काय ओ, गाडी घिऊन अंदमानला कशापायी गेलता? तिथं भाड्यानं मिळत न्हाईत का गाड्या?" मिळतात की. बख्खळ मिळतात. विमानानं जायचं, उतरल्यावर गाडी भाड्यानं घ्यायची, चार दिवस डोंगर आणि समुद्र बघायचा, फोटो काढायचे आणि परत यायचं, अशी सगळी दुनिया जाते. मी एकटाच शहाणा माझी सात सीटची गाडी जहाजात घालून त्या बेटावर घेऊन गेलो. विचारणाऱ्याला मी आधी हसण्यावारी न्यायचो. पुढं शिव्या घालायला लागलो. मागच्या महिन्यात एकाची गचांडीच धरली. म्हणून आता एकदा सरळ लिहून टाकतो.

मी हाताचा वाईट माणूस आहे. पंधरा-सोळा वर्षं हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, आपला स्वभाव जरा गरम आहे. नळदुर्ग ते सोलापूर पॅसेंजर मारतो, हायवेचा धंदा, दिवसभर ट्रकवाल्यांशी डोकं लावायचं, मग घरी येताना डोकं तापलेलं असणारच, असं मी मला सांगायचो. कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून मी बायकोच्या तोंडात मारलेली आहे. कमी पडलं म्हणूनही मारलेली आहे. फोन उचलायला उशीर केला म्हणून, पाव्हण्यांसमोर मधे बोलली म्हणून, कधी काहीच बोलली नाही म्हणून. पोरगा लातूरला शिकायला गेला तो सुट्टीतसुद्धा घरी येत नाही. वर तीच मला समजावायची की त्याला अभ्यास लई असतो.

एका सकाळी मला चार्जर सापडेना. मी तिचा हात पिरगाळला तो मनगटात मोडला. कट्कन आवाज आला. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली. प्लास्टर घालून ती मुरुमला माहेरी गेली ती दोन महिने आलीच नाही. तिला वडील नाहीत. चुलते आले, सात-आठ माणसं घेऊन. त्यांनी मला धरून बडवलं असतं तर बरं झालं असतं, मीही दोन-चार ठेवून दिल्या असत्या आणि तिथंच मिटलं असतं. पण थोरला चुलता शांत डोक्याचा माणूस. तो म्हणाला, "पावणं, मैलारपूरला चला. खंडोबाच्या दारात बेलभंडारा उचला, की हिच्यावर पुन्यांदा हात टाकणार न्हाय. मग पोरीला लावून देतो."

आमच्याकडं बेलभंडारा उचलला की बोलणं संपतं. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवाच्या दारात बोललेलं मोडायची कुणाची छाती होत नाही. पण नुसतं उचलून भागत नाही, दुसरा हात कशावर तरी ठेवावा लागतो. शपथ मोडली तर त्या गोष्टीचं वाटोळं होतं. चुलता म्हणाला, "पोराच्या डोक्यावर ठेवा." मी नको म्हणालो. माझा मलाच भरवसा नव्हता, आणि ते तिथं सगळ्यांना कळलं. मग एकजण म्हणाला, ह्यांचा जीव गाडीत आहे, गाडीवरच ठेवू द्या.

ते खरंच होतं. ती गाडी मी कुणाला चालवायला देत नव्हतो, पुसायलासुद्धा देत नव्हतो. देवळाच्या बाहेर गाडी उभी केली, बॉनेटवर भंडारा उधळला, पान स्टेअरिंगला बांधलं. बॉनेटवर पंजा ठेवून मी म्हणालो, "हिच्यावर हात उचलणार न्हाय. उचलला तर ही गाडी जळून खाक होऊ दे." त्यावर बायको, जी सकाळपासून गप होती, ती बोलली, "आन् उचलला तर मी पुन्यांदा ह्यांचं तोंड बघणार न्हाय. हे बी देवाम्होरंच बोलते."

मग दोन वर्षं मी तिला बोट लावलं नाही. बाहेर माझं चालूच होतं. एका धाब्यावर वाढप्याच्या अंगावर गरम आमटी भिरकावली. टोलनाक्यावर एकाचा ओठ फोडला. सख्ख्या भावाला बांधावर लोळवला. शपथ फक्त तिची होती ना! घरी आलो की मात्र दात-ओठ खाऊन गप बसायचो, आणि मला वाटायचं, वा, मी सुधारलो.

तिचं एक मला उशिरा ध्यानात आलं. मी घरी असलो की ती पुढचं दार उघडं ठेवून स्वयंपाक करायची. थंडी असो, धूळ असो, दार उघडंच. दारातून गाडी दिसायची. एकदा इंजिनाच्या कामाला गाडी चार दिवस गॅरेजला टाकली, तर ही त्याच संध्याकाळी मुरुमला गेली, कुणाचं तरी लग्न आहे म्हणून. गाडी आली त्या दिवशी परत आली. दुसऱ्या वेळी गाडी गॅरेजला गेली तेव्हा पुन्हा तेच. मी विचारलं, "लग्नं बरी गं निघत्यात तुझ्या माह्यारात, गाडी बंद पडली की?" ती म्हणाली, "शपथ गाडीवर हाय. गाडी न्हाय तिथं शपथ न्हाय." मला आधी हसू आलं. मग असला राग आला की मी भिंतीवर बुक्की मारली आणि बोटं सुजवून घेतली. तिनं सुजेला हळद लावून दिली.

तिचा धाकटा भाऊ अंदमानला सरकारी नोकरीत आहे. त्याला मुलगी झाली. त्याचा फोन आला, "अक्का, तू आल्याबिगर बारसं करायचं न्हाय. मग तीन म्हैनं लागू दे." बरोबरच आहे, नाव आत्यानं ठेवायचं असतं, आणि आत्या एकच. एकटीला मी सोडणार नव्हतो. गेली तर परत यायची नाही, ही भीती होती. तोंडानं म्हणालो, बाईमाणूस एकटं कसं जाईल, दोघं विमानानं जाऊ.

ती म्हणाली, "गाडी आली तर येते."

"अगं ए, समुद्र हाय मधी, समुद्र! गाडी काय पवत जाती का?"

"जहाजात घालत्यात. म्या भावाला इचारलं."

"तिथं डोंगरात, समुद्रात गाडीचं काय काम?"

"तुमाला ठावं हाय काय काम."

माझा हात उठला. मागं दार उघडं होतं, अंगणात गाडी होती. तो हात मी डोक्यावरून फिरवला आणि बाहेर गेलो.

भावानं तिथून समजावलं, चुलत्यानं समजावलं, चुलती हसून हसून बेजार झाली. ही हटली नाही. शेवटी मीच तयार झालो, आणि खरं सांगायचं तर त्यात माझा मोठेपणाही होता. एम.एच. पंचवीसची गाडी त्या बेटावर कुणी नेली असंल? स्टँडवर सांगितल्यावर सगळे ड्रायव्हर गोळा झाले. "काय, काळ्या पाण्यावर निघाला का? कुणाचा खून केला?" मी छाती फुगवून म्हणालो, बायकोच्या हौसेला मोल नाही. हौस म्हणे!

हैदराबादच्या पुढं एका ट्रकनं कट मारला. आरसा गेला. मी गाडी आडवी घातली, त्या ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढलं आणि त्याला बोलूच दिलं नाही. पहिला गुद्दा नाकावर बसला, मग मला थांबता येईना. तो खाली पडला तरी लाथा घालत होतो. दोघा-तिघांनी मला मागं खेचलं. गाडीत येऊन बसलो तर माझ्या बोटांना रक्त. बायकोनं बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, फडकं दिलं. मग खाली उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. चेन्नईपर्यंत मागंच बसली.

चेन्नईच्या बंदरात भावानं शोधून दिलेला एजंट भेटला. तो म्हणाला, गाडी मालाच्या जहाजातून जाणार, माणसांचं जहाज वेगळं, तुम्हाला गाडी आठ-दहा दिवसांनी तिथं मिळेल. हे आधी का नाही सांगितलं म्हणून मी त्याची कॉलर धरली. बायको मधे आली. माझ्याकडं न बघता तिनं त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, "आठ या दस?" तिला तेवढंच पाहिजे होतं. गाडीचं जहाज सुटलं असं कागदावर बघितल्याशिवाय ती आमच्या जहाजात चढली नाही.

जहाजावर तीन दिवस ती माझ्याजवळ आली नाही. एक म्हातारी तमीळ बाई आणि तिच्या दोन सुना, त्यांच्या घोळक्यात बसायची. भाषा येत नाही, तरी त्यांच्या घरचीच असल्यासारखी त्यांच्यात बसून राहायची, जेवायला त्यांच्याबरोबर, झोपायला त्यांच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी मी तिला वर डेकवर गाठली. चहुकडं पाणी, कठड्याशी आम्ही दोघंच. मी म्हणालो, "नवऱ्याबर आलीस का त्या म्हातारीबर?" आवाज चढला होता माझा. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला. कितीतरी वेळ ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी कुठवर आली असंल ओ?" इतक्या बारीक आवाजात म्हणाली की वाऱ्यात ते जेमतेम ऐकू आलं. मी खाली निघून गेलो. मला लाज वाटली हे खरं, पण त्याहून जास्त राग आला, हेही खरं.

बेटावर पोचलो तरी गाडी यायला आठवडा होता. भावाच्या क्वार्टरमध्ये ती भावजयीच्या मागं मागं, बाळाच्या पाळण्यापाशी. गाडी आल्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याबरोबर बाहेर यायला चप्पल घातली. बंदरात गाडी बघितल्यावर तिनं बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. कुणाला वाटलं असतं, बाईचा जीव आहे गाडीवर.

आता आमचा मुलूख सपाट. नळदुर्गचा घाट सोडला तर गाडी चढवायची म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही. आणि ते बेट म्हणजे नुसते डोंगर. हिरवेगार, दाट, सुपारी-नारळानं भरलेले, आणि त्यातून रस्ता असा वर चढतो की समोर नुसतं आभाळ दिसतं. त्यात पाऊस. क्वार्टरकडं जाणाऱ्या चढावर मी मधेच गियर पाडायला गेलो आणि गाडी बंद पडली. मागं सरकायला लागली. बायको दार उघडून उतरली, दगड आणून चाकामागं घातला आणि म्हणाली, "हँडब्रेक वढा की." मागं भाड्याच्या स्कूटरवरचे फिरायला आलेले लोक थांबले होते. त्यातला एक चड्डीवाला हसला आणि फोन काढून शूटिंग करायला लागला.

डिकीतली टॉमी माझ्या हातात कधी आली मला सांगता यायचं नाही. चाक खोलायचा तो लोखंडी दांडा घेऊन मी आधी बायकोकडं वळलो. आधी तिच्याकडं, हे मी लपवत नाही. ती पावसात बॉनेटला पाठ लावून, दोन्ही तळहात मागं बॉनेटवर टेकवून उभी होती. मी तिथून फिरलो आणि त्या चड्डीवाल्याकडं गेलो. टॉमी त्याच्या स्कूटरवर घातली, फोन हिसकावून दगडावर आपटला, आणि तो बोलायला लागल्यावर त्याच्या कानाखाली अशी मारली की त्याचा चष्मा खाली नाल्यात गेला. त्याची बाई किंचाळत होती. लोकांनी सोडवलं, हात जोडायला लावले, भावाला फोन करून बोलावलं, त्यानं कसंबसं मिटवलं.

गाडीत बसल्यावर मी बायकोला म्हणालो, "तुला हात लावला का?"

"न्हाय."

"मग असं काय बघतीस?"

"काय न्हाय. चला."

बारसं दुसऱ्या दिवशी दुपारी. भावाचं क्वार्टर चढावर वीस-पंचवीस पायऱ्यांवर, गाडी खाली रस्त्यावरच लावावी लागायची, वरून दिसायची नाही. सकाळपासून ती तीनदा पायऱ्या उतरून खाली गेली. भावजय म्हणाली, "वन्सं, कशाला सारखं खालीवर करताव?" ती म्हणाली, काही नाही, गाडीत पिशवी राहिली होती. बारशाला शेजारच्या बायका आल्या, तमीळ, बंगाली, दोन मराठी. पाळण्याला झेंडूच्या माळा. ही नवीन लुगडं नेसून, नाकात नथ घालून पाळण्याजवळ उभी राहिली. लई दिवसांनी मला ती चांगली दिसली. मी दारात पेढ्यांचा बॉक्स धरून उभा होतो आणि मनात म्हणालो, गाडी आणल्याचं सार्थक झालं.

आत्यानं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच वेळी मागं उभ्या बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे. आपल्याकडची जुनी गंमत. आत्या ओरडते, सगळे हसतात. त्या दोन मराठी बायकांनी बाकीच्यांनाही शिकवून ठेवलं होतं. ही वाकली, कुर्रर्र केलं, आणि मागून पाच-सहा हात तिच्या पाठीवर पडले.

ती तिथंच गोळा झाली. गुडघे पोटाशी, दोन्ही कोपरं कानांवर, डोकं छातीत खुपसलेलं. "नका ओ! नका! गाडी हाय, गाडी खालीच हाय! म्या आत्ताच बघून आले, खाली हाय गाडी!"

बायका आधी आणखी हसल्या, त्यांना वाटलं गंमत करते. मग एकीचं हसू थांबलं, मग सगळ्यांचं. पाळणा एकटा हलत होता. ती अजून तशीच, "गाडी खाली हाय ओ," म्हणत.

भाऊ धावत आला. "अक्का! गाडीचं काय? काय झालं?" मी दारातून म्हणालो, "चक्कर आली असंल. परवास झालाय." त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. मनगट मोडलं तेव्हा चुलत्यानं त्याला, न्हाणीत पाय घसरला, असं सांगितलं होतं. तो तिच्याजवळ खाली बसला आणि वाट बघत राहिला.

ती हळूहळू उठली. पदर सारखा केला. बायकांना म्हणाली, "आता मारू नका कुणी." पुन्हा पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. बाळाला उचलून मांडीवर घेतलं. आणि मग भावाला सगळं सांगितलं. मनगट, मैलारपूर, बेलभंडारा, उघडं दार, कालची टॉमी. आवाज न चढवता, भाजी कशी केली ते सांगावं तसं. अर्ध्या बायकांना भाषा कळत नव्हती, पण त्या सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

शेवटी ती मला म्हणाली, "तुमी गाडी घिऊन जावा. मी इथंच ऱ्हाते."

माझं डोकं सणकलं. "म्या शपथ मोडली का? दोन वर्सं बोट लावलं न्हाय तुला!"

"व्हय. न्हाय लावलं."

"समुद्रावरनं गाडी आणली तुझ्यासाठी! कोण आणतंय?"

"आणली की," ती म्हणाली. "गाडी जळू नये म्हणून तुमी मला मारलं न्हाय. मला लागंल म्हणून न्हवं."

उत्तर सुचलं नाही की माझं जे होतं तेच झालं. पेढ्यांचा बॉक्स खाली पडला आणि माझा हात वर गेला. तीसभर माणसांसमोर, तिच्या मांडीवर ते लेकरू असताना. भाऊ मधे यायला उठला. तिनं हातानं त्याला थांबवलं.

ती वाकली नाही. कोपर वर केलं नाही. माझ्या वर गेलेल्या हाताकडं तिनं नीट बघितलं आणि भावाला म्हणाली, "हे बघ. असा येतो."

हात वरच होता. तो खाली घ्यायला मला लई वेळ लागला.